आत्याचा तिरका दात

माझी आत्या नाट्यगृहाच्या दारावर उभी असते. तिकीट फाडायचं, अर्धा तुकडा परत हातात द्यायचा आणि "आत या" म्हणायचं, एवढंच तिचं काम. ऐकायला वाटतं, हे काय, कुणीही करेल. पण आमच्या शहरात असे लोक आहेत की नाटक पडलंय हे ठाऊक असूनही तिकीट काढतात आणि कारण विचारलं तर म्हणतात, आत्या भेटून बरेच दिवस झाले. ती माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. पण मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत तिला सगळेच आत्या म्हणतात. लहानपणी मला याचा फार राग यायचा. आत्या माझी आणि हक्क गावाचा, हा कुठला न्याय?

या सगळ्याला कारण तिचं हसू. ती हसली की वरचा ओठ एका बाजूला जास्त चढतो, थोडी हिरडी दिसते, आणि त्याच बाजूचा पुढचा एक दात शेजारच्या दाताच्या खांद्यावर तिरका रेललेला दिसतो. "बरं झालं आलात, तुमच्यासाठीच थांबले होते," असं ते हसू म्हणतं. रांगेतल्या प्रत्येकाला ते खरं वाटतं. शेवटच्या रांगेचं स्वस्तातलं तिकीट काढणाऱ्यालाही.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे माझं दुखणं कळेल. मी दात बनवतो. दातांच्या दवाखान्याच्या मागे एक खोली आहे, तिथे खिडकीपाशी माझं टेबल. टेबलावर प्लॅस्टरचे जबडे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा. वर एक पंखा आहे, पण प्लॅस्टरची भुकटी उडते म्हणून तो मी कधी लावत नाही. पुढच्या खोलीत डॉक्टर मॅडम लोकांच्या तोंडात बघतात, मापं घेतात. मागे मी त्या मापांवर कवळ्या उभ्या करतो. या धंद्यात माणसाची नजर बिघडते. लग्नाला गेलो तर मला नवरा-नवरी दिसत नाहीत, दोन जबडे दिसतात. समोर कुणी बोलायला लागलं की त्याच्या नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत मी मनातल्या मनात दोरी धरतो आणि पुढचे दोन दात दोरीच्या कुठल्या बाजूला सरकलेत ते बघतो. बायको म्हणते, "माझ्या डोळ्यांकडे बघून भांड, तोंडाकडे बघून नको."

मॅडम तर माझ्याही वरताण. चौकात एका टूथपेस्टची मोठी जाहिरात लागली होती, एक मुलगी खळखळून हसतेय अशी. जाणारे-येणारे खुश व्हायचे. मॅडमनी गाडी थांबवून मला दाखवलं, "त्या सुळ्यावरची हिरडी बघा. शेजारच्यापेक्षा खाली आलीय." त्या दिवसापासून मला त्या मुलीची हिरडीच दिसायला लागली. मुलगी गेली ती गेलीच.

तेव्हा आत्याच्या त्या तिरक्या दातानं माझ्या जिवाला किती घोर लावला असेल, बघा. घरातल्या माणसाच्या तोंडात, तेही पुढच्या दारात, असा दात. लोक काय म्हणत असतील, भाचा दातांच्या धंद्यात आणि आत्याची ही अवस्था. मी दर भेटीत तिच्या मागे लागायचो, की तो सरळ करून घे, मॅडम आपल्याच आहेत. ती मला 'कारागीर' म्हणते. यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे मला अजून कळलेलं नाही.

"तुझ्या हातात तोंड द्यायची वेळ येईल तेव्हा देईन, कारागीर," ती म्हणायची. "तोवर तुझं मेण तुझ्याजवळ ठेव."

ती वेळ आली. आत्याच्या हिरड्या आतून पोखरल्या जात होत्या आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. तो तिरका दात सगळ्यांत आधी गेला. सफरचंद खाताना हातात आला. तिला इतका राग आला की सफरचंदासकट तो तिनं कचऱ्यात टाकून दिला. त्यानंतर मी तिला ओढून मॅडमकडे नेलं, पण तोवर उशीर झाला होता. वरचे सगळेच दात हलत होते. मॅडमनी ते एकेक करून काढले आणि हिरड्या भरून येईपर्यंत थांबायला सांगितलं.

त्या महिन्यांत आत्या हसायची बंद झाली. बोलताना हात तोंडावर. मी विनोद केला की ती डोळ्यांनी हसल्यासारखं करायची आणि मान वळवायची. नशिबानं नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद होतं, त्यामुळे तिला तसंही घरीच बसायचं होतं. पण एक दिवस मॅनेजर घरी आले. माणूस वाईट नाही, फक्त कायम घाईत असतो.

"नवा पडदा आलाय, नव्या खुर्च्या आल्यात," ते म्हणाले. "पहिल्या प्रयोगाला दारावर तुम्हीच हव्यात, आत्या. पण असं तोंडावर हात धरून कसं चालेल? दारावर हसरं माणूस पाहिजे. जमत नसेल तर ऑफिसात बसा, खुर्च्यांच्या नंबरांचं बघा. दारावर त्या नव्या मुलीला उभी करतो. प्रयोगाच्या आधी पाहुण्यांसाठी रंगीत तालीम आहे. त्या दिवशी बघू आणि काय ते ठरवू."

आत्या मानेनं हो म्हणाली. ते गेल्यावर तिनं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. घरातसुद्धा तिला दाराशीच उभं राहायची सवय.

"मला बसायचं काम नको," ती हातामागून म्हणाली. "तुझे आतोबा गेल्यावर मला त्या दारानं सांभाळलं. रोज एवढी माणसं माझ्याकडे बघून आत जातात. दार गेलं तर मी या घरात म्हातारी होईन. दुसरं काही नाही होणार, नुसती म्हातारी होईन."

मी तिला शब्द दिला, की तुला असे दात करून देतो की सगळं शहर बघत राहील. आणि मी कामाला लागलो. एकेक दात रंग जुळवून निवडला. दोरी धरावी तशी मधली रेषा नाकाखाली आणली. खालच्या ओठाची जशी कमान तशीच दातांच्या कडांची कमान. काम झाल्यावर मी ते प्लॅस्टरच्या जबड्यावर ठेवून खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून बघितलं. एवढं देखणं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं, हे मी आजही कुणालाही सांगेन.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कवळी कायमची करण्याआधी दात मेणात बसवून पेशंटच्या तोंडात घालून बघतात. त्याला आम्ही ट्रायल म्हणतो. मेणात आहेत तोवर दात पुढे-मागे करता येतात. एकदा मेणाच्या जागी कायमचं प्लॅस्टिक भरून ते शिजवलं की मग ब्रह्मदेव आला तरी दात हलत नाही. म्हणजे काय बोलायचं ते ट्रायलला बोलायचं.

मॅडमनी ट्रायल आत्याच्या तोंडात बसवली, दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "वा." मॅडम सहसा वा म्हणत नाहीत. मी कॉलर ताठ केली. आत्याच्या हातात आरसा दिला. ती हसली. मग हसू आवरून तिनं आरसा जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"हे कुणाचे आहेत?"

"तुमचेच, आत्या," मॅडम म्हणाल्या.

"ही बाई वेगळी आहे. ही तिकीट फाडायच्या आधी ओळखपत्र मागेल." तिनं आरसा मांडीवर पालथा ठेवला. "माझा तिरका दात कुठाय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं जो काढून टाकायची मी स्वप्नं बघितली, तो आता मी स्वतःच्या हातानं पुन्हा बसवायचा? मॅडम मात्र शांतपणे खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

"आत्या, लोक माझ्याकडे तिरके दात सरळ करायला येतात. मी सरळ दात तिरका बसवून दिला तर उद्या काय बोलतील? आणि तुम्ही काय कोपऱ्यात बसणाऱ्या नाही. सगळं शहर तुमच्या समोरून जातं. मॅडमनी आत्यांची कवळी बिघडवली, असंच म्हणतील."

"म्हणतील की नाही ते लोकांनाच विचारा की," आत्या म्हणाली.

यावर मॅडम चक्क हसल्या. त्यांची ही गोष्ट मला आवडते. बाई हट्टी आहे, पण खरं काय ते बघायचं म्हटलं की हट्ट बाजूला ठेवते. त्या म्हणाल्या, "तसं बघितलं तर आम्हा दातवाल्यांची नजर फार कडक. आम्हाला जे खुपतं ते पुष्कळदा लोकांच्या लक्षातही येत नाही. पण लोकांना नक्की काय आवडतं, ते आम्ही नुसतं धरून चालतो. विचारूच."

मग ठरलं ते असं. मी तिरक्या दाताची दुसरी ट्रायल करायची. दोन्हींचे फोटो काढायचे, फक्त ओठ आणि दात, कारण चेहरा दिसला की माणूस चेहऱ्यालाच मार्क देतो. ते फोटो मॅडमच्या डॉक्टर मित्रमंडळींना दाखवायचे आणि दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या लोकांनाही. जास्त लोक म्हणतील ते खरं. आत्यानं मान्य केलं. मला वाटलं, बरं झालं, आपोआप सुटका होईल.

दुसरी ट्रायल करायला बसलो तर हात वळेना. दात तिरका लावला की बोटं आपोआप तो सरळ करायची. शेवटी आत्याचा मोबाइल मागून घेतला. त्यात दारावर उभं राहून तिनं स्वतःच काढलेला एक फोटो होता, मनमोकळी हसणारी, तिरक्या दातासकट. तो समोर ठेवला आणि नाक दाबून औषध घ्यावं तसं ते काम उरकलं. फोटो काढताना मॅडमनी आत्याला आरसा दिला नाही. म्हणाल्या, "आधी निकाल, मग भांडण."

निकाल लागला. डॉक्टर मंडळींनी सरळ दातांना डोक्यावर घेतलं. तिरक्याला कुणी नाक मुरडलं, कुणी मधली रेषा चुकल्याचं लिहिलं, आणि मॅडमचे जुने गुरुजी, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणतो, त्यांनी विचारलं, "हे कुणी केलंय? त्या पोराला पुन्हा पहिल्या वर्षाला बसवा." माझे कान तापले. बाहेर बसलेल्या लोकांची तऱ्हा वेगळीच. एका बाईंनी दोन्ही फोटो डोळ्यांशी नेऊन विचारलं, "यात फरक काय आहे?" एका आजोबांना वाटलं आपण लिपस्टिकचा रंग निवडायचाय. गाल सुजलेला एक तरुण म्हणाला, "दुखत नाहीत ना, मग कुठलेही चालतील." पण जास्त विचारलं की बहुतेकांचं बोट सरळ दातांवरच जायचं. म्हणजे दोन्हीकडे आत्या हरली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

आत्यानं फोटो मागून घेतले. तिरक्या दाताच्या फोटोवर तिची नजर खिळली.

"हा माझा दात नाही," ती म्हणाली.

"अगं, तोच आहे. तुझ्याच फोटोवरून केलाय."

"माझा दात या बाजूला होता." तिनं बोट ओठावर ठेवलं. दुसऱ्या बाजूला.

मॅडमनी मोबाइल हातात घेतला, फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "फोटो कसा काढला होता, आत्या?"

"हात लांब करून. माझा मीच."

संपलं. स्वतःचा फोटो असा काढला की तिच्या मोबाइलात तो आरशासारखा उलटा येतो, डाव्याचं उजवं होतं. आणि आम्ही दातवाले दिवसभर समोरच्या माणसाचं डावं-उजवं उलटं धरायला इतके सरावलेलो की मी तो फोटो समोर बसलेल्या पेशंटसारखा वाचला आणि बेधडक दुसऱ्याच बाजूचा दात तिरका केला. दुसरा कुणी असता तर डोकं खाजवून एकदा विचारलं तरी असतं. आत्याचा ओठ ज्या बाजूला चढतो तिकडे सगळे दात शहाण्यासारखे सरळ, आणि जिकडे ओठ खाली तिकडे तो तिरका दात अर्धवट डोकावतोय. मोठे सर चिडले ते उगाच नाही. मॅडमना दोष देता येत नाही, त्यांच्याकडे ती आली तेव्हा तो दात आधीच कचऱ्यात गेला होता. पण मी? मी त्या दाताकडे लहानपणापासून बघत आलो होतो. मी मनाशी आठवून बघितलं, तो कुठल्या बाजूला होता, आणि मला सांगता येईना.

मला वाटलं आत्या चिडेल. ती हसायला लागली. तोंडावर हात न ठेवता, बिनदातांचं, पोट धरून. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

"इतकी वर्षं त्या बिचाऱ्या दाताला नावं ठेवलीस," ती म्हणाली, "आणि तुला त्याचा पत्तासुद्धा माहीत नाही."

मॅडमनी फोटो ड्रॉवरमध्ये टाकले. "चूक आमची. निकाल रद्द. पुन्हा ट्रायल करू, पुन्हा फोटो काढू."

"फोटो नको," आत्या म्हणाली. "ओठ कापून टेबलावर ठेवलेत तर त्यात कुणाला काय कळणार? तुम्ही लोकांना माझे दात विचारलेत, माझं हसू कुठे विचारलंत? आता मी म्हणेन तिथे विचारायचं. माझ्या दारावर. रंगीत तालमीच्या दिवशी."

"आत्या, मेणाचे दात आहेत ते," मी म्हटलं. "गरम काही प्यायलीस तर मेण मऊ होईल. काही चावलंस तर दात वाकतील."

"मग खाणार नाही, पिणार नाही. नुसती हसेन."

या वेळी ट्रायल करताना ती माझ्या टेबलाशी स्टूल टाकून बसली. तिनं नाट्यगृहातले किस्से सांगायचे आणि मी तिच्या ओठाकडे बघून दात बसवायचे. ती सांगत होती, "अजून जरा. आता शेजाऱ्याच्या खांद्यावर टाक. हं, असा." एकदा ट्रायल घालून ती हसली आणि ओठ चढला, आणि मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं की तो ओठ आणि तो दात एकमेकांचे होते. ओठ वाकडा आणि खाली दात सरळ, म्हणूनच माझं ते देखणं काम उसनं वाटत होतं. तिच्या तोंडात ते कुणीतरी विसरून गेल्यासारखं होतं. हे मी मोठ्यानं कबूल केलं नाही. तिला कळलंच असेल.

रंगीत तालमीच्या संध्याकाळी मी दारामागच्या कोट ठेवायच्या खोलीत बसलो, मांडीवर डबा, डब्यात गार पाणी आणि त्यात एक ट्रायल. मॅडम स्वतः आल्या. त्यांची अट होती, की आधी सरळ दात, मध्यंतरानंतर तिरका, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की एकाच बाजूचं ऐकलं. मॅनेजरना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते खांबापाशी उभे राहून आत्याकडे बघत होते आणि त्यांच्या शेजारी ती नवी मुलगी दारावरचा निळा कोट घालून तयार उभी होती.

पाहुणे यायला लागले. आत्या सरळ दातांनी हसत होती. मी फटीतून बघत होतो आणि माझ्या कामाचा मला अभिमान वाटत होता, खरंच वाटत होता. लोक आदबीनं तिकीट पुढे करायचे, मान लववायचे, आत जायचे. उंच टाचांचे बूट घातलेल्या एक बाई थांबून म्हणाल्या, "किती सुंदर दात आहेत हो तुमचे." मॅडमनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. रांग भराभर सरकत होती. पूर्वी ही रांग अशी कधीच सरकायची नाही.

मग घड्याळजी आले. चौकात घड्याळं दुरुस्त करतात, एकही नाटक चुकवत नाहीत. त्यांनी तिकीट पुढे केलं, आत्याकडे नीट बघितलं, मग तिच्या खांद्यावरून आत डोकावले.

"आज आत्या नाहीत का?" त्यांनी तिलाच विचारलं.

तिच्या हातातलं तिकीट तसंच राहिलं. मला पुढे होऊन त्या माणसाला हलवावंसं वाटलं. पण आत्यानं तिकीट फाडलं, अर्धा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "येतील. मध्यंतरानंतर."

ते आत गेले. मॅडमनी ते ऐकलं होतं. या वेळी त्यांनी भुवई उडवली नाही.

मध्यंतरात आत्या माझ्या खोलीत आली. डोळे भरले होते. तिनं सरळ दात काढून माझ्या हातावर ठेवले, आणि डब्यातले दुसरे मीच तिला बसवून दिले. "गेलं तर जाऊ दे, कारागीर," ती म्हणाली. "दार गेलं तर गेलं. पण दुसऱ्या बाईच्या तोंडानं मला तिथे उभं राहायचं नाही." आणि बाहेर गेली.

घंटा झाली. लोक कॉफीचे कप ठेवून परत यायला लागले. पहिले घड्याळजीच. ते दोन पावलांवर थबकले.

"आलात होय," ते म्हणाले. "मी मघाशी त्या दुसऱ्या बाईंना विचारलं तुमचं."

आणि आत्या हसली. ओठ चढला, हिरडी दिसली, तो दात शेजाऱ्याच्या खांद्यावर रेलला, आणि त्या दारात जणू कुणी दिवा लावला. घड्याळजी आत जायचं सोडून तिला त्यांच्या नातीचं काहीतरी सांगायला लागले. मागून कुणीतरी हाक मारली, "आत्या, कुठे होतात इतके दिवस?" तिसऱ्यानं पुढे वाकून तिचा हात हातात घेतला. रांग तुंबली. दुसरी घंटा झाली तरी माणसं दारातच. ज्यांना मघाशी तिच्यासमोरून मुकाट जाताना मी बघितलं होतं, तेच आता जाताना कोपरानं ढोसून एकमेकांना दाखवत होते की बघ, आत्या आल्या. दात कुणी बघत नव्हतं. त्या उंच टाचांच्या बाई तेवढ्या म्हणाल्या, "मघाचे जास्त सुंदर होते हो."

"सुंदरच होते," आत्या म्हणाली. "पण हे माझे आहेत."

मॅनेजर धावत आले. "आत्या, लोकांना आत सोडा, नट खोळंबलेत." ती काही म्हणायच्या आत त्यांनी मागे वळून त्या नव्या मुलीला सांगितलं, "तू ऑफिसात बस. खुर्च्यांचे नंबर बघ." मग आत्याकडे बघून घाईघाईनं म्हणाले, "आणि आता पुन्हा कुठे गायब होऊ नका." मुलगीही बिचारी सुटल्यासारखी हसली. मी डबा छातीशी धरून त्या कोटांमध्ये उभा होतो आणि मला इतका आनंद झाला होता की माझं देखणं काम त्या डब्यात बुडालंय याचं काही वाटेना.

सगळे आत गेल्यावर मॅडम माझ्याकडे आल्या. "हीच शिजवा," त्या म्हणाल्या. "आणि कुणी विचारलं ना, की आत्यांचं काम कुठे झालं, तर माझं नाव सांगा. जरा मोठ्यानं सांगा."

मी ती कवळी अशी केली की पुन्हा तशी होणार नाही. तिरक्या दाताच्या कडेला किंचित झीज दिली, हिरडीला एकसारखा गुलाबी रंग न देता कुठे फिका, कुठे गडद दिला. दात सरळ लावायला जेवढी नजर लागते, तेवढीच नीट तिरका लावायलाही लागते, हे मला या वयात कळलं.

पहिल्या प्रयोगाला रांग दारापासून रस्त्यापर्यंत गेली. आत्या निळ्या कोटात दारावर आणि मी, कारण नसताना, दारामागे. मॅडम आल्या आणि त्यांच्या मागून काठी टेकत मोठे सर. त्यांनाच बघून माझी दातखीळ बसली. त्यांनी फक्त तो फोटो बघितला होता, आत्याला नाही. मॅडमनी त्यांना काही सांगितलेलंही नव्हतं.

सरांनी तिकीट पुढे केलं. आत्या हसली. सरांनी आमच्या धंद्यातला माणूस बघतो तसं बघितलं, नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत. मला ती दोरी दिसली. मग त्यांनी चष्मा वर केला आणि थोडे पुढे वाकले. मी डोळे मिटून घेतले.

"बाई," सर म्हणाले, "दात छान राखलेत तुम्ही. या वयात स्वतःचे दात इतके चांगले टिकलेले फार कमी बघायला मिळतात. तो एक जरा तिरका आहे. पण कुणी सरळ करून देतो म्हणालं तर ऐकू नका. शोभतो तुम्हाला."

मॅडमना खोकला आला. आत्यानं एकदा फटीतून माझ्याकडे बघितलं.

"आमच्या घरात एक कारागीर आहे," ती सरांना म्हणाली. "फार मागे लागला होता."

"त्याला सांगा, हात लावायचा नाही."

"सांगितलं," आत्या म्हणाली. तिनं सरांचं तिकीट फाडलं, अर्धा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि सगळे दात दाखवून हसली. "आत या."